पाचवा हिस्सा

आमच्या शाळेत कर्ज टाळ्यांच्या गजरात फिटायचं. वार्षिक निकाल लागला, रिपोर्ट कार्डं वाटून झाली की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या शिक्षकांना हॉलमध्ये बोलावत. प्रत्येकाच्या हातात एक समोसा आणि ताकाची बाटली. स्टेजवर मालकांचा हार घातलेला फोटो. मालक चांगले धडधाकट होते, मुंबईत राहायचे, तरीही हार. मग आमचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर विजयकुमार सर माइक घेऊन स्कीमवाल्या मुलींची नावं पुकारत. "मिस करेन तुस्कानो. टू-फिफ्थ कंप्लीट." मी उठायचं, स्टेजवर जाऊन खजुराचा डबा घ्यायचा आणि हॉलने टाळ्या वाजवायच्या. माझं किती कर्ज उरलंय हे वॉचमनपासून केजीच्या आयापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ. पहिल्या वर्षी लाज वाटली. दुसऱ्या वर्षी मीच मान ताठ करून गेले. खजूर मात्र चांगले असायचे.

ही स्कीम काय होती ते सांगते. मुंबईत एक ट्रस्ट आणि शारजात एक शाळा, दोन्हींचे मालक एकच. ट्रस्ट आमच्यासारख्या मुलींना बी.एस्सी., बी.एड. करायला कर्ज द्यायचा. फी, डोनेशन, होस्टेल, वर शारजाचं तिकीट. माझं झालं दीड लाख. ते पैशाने फेडायचं नव्हतं. पाच वर्षं शाळेत शिकवायचं, दर वर्षाला पाचवा हिस्सा माफ. मध्येच सोडलं तर मात्र पूर्ण रक्कम, पहिल्या दिवसापासूनच्या व्याजासकट. आणि कर्ज फिटेपर्यंत आमची ओरिजिनल सर्टिफिकेट्स शाळेच्या तिजोरीत. त्यांच्याशिवाय दुसरी कुठलीच शाळा दारात उभं करत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मी सेकंड इयरला असताना माझ्या वडिलांचा, बर्नार्ड तुस्कानोंचा, बिस्किटांचा कारखाना बंद पडला. म्हणजे कारखाना त्यांचा नव्हे, ते तिथे भट्टीवर होते. कॉलेज सुटायची वेळ आली आणि तेवढ्यात वसईतल्या आमच्या चर्चच्या, पॅरिशच्या नोटीस बोर्डावर या स्कीमचा कागद लागला. आईने मेणबत्ती लावली. आमच्याकडे कुठलीही गोष्ट फुकट मिळाल्यासारखी वाटली की आधी मेणबत्ती लावतात.

शहाण्णवच्या एप्रिलमध्ये मी शारजात आले. पगार बाराशे दिरहॅम, म्हणजे साडेअकरा हजार रुपये. विमानातच मी तो तीनदा रुपयांत करून बघितला होता. सुरुवातीला शाळेच्या होस्टेलमध्ये, मग कुंदाताईंकडे. कुंदाताई आमच्या शाळेत हिंदी शिकवायच्या. त्यांचे यजमान अरुणराव दुबईपलीकडे जबल अलीत एका गोदामाचे सुपरवायझर. पहाटे कंपनीची बस यायची, तिने जायचे, दिवेलागणीला तसेच परत. शारजातल्या रोल्ला भागात त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता आणि त्यातल्या एका खोलीतला अर्धा भाग मला भाड्याने मिळाला. दुसऱ्या अर्ध्या भागात त्यांची मुलगी इशिता. मी मराठीत विचारायचे आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. त्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही.

मला राग लवकर येतो. कुंदाताईंना तो येतच नाही. अकरा वर्षं त्या याच शाळेत होत्या आणि पगार माझ्यापेक्षा दोनशेने कमी, कारण त्या नवऱ्याच्या व्हिसावर. शाळेचा नियमच तसा. लग्न झालेली बाई नवऱ्याच्या व्हिसावर हवी. शाळेला तिचा व्हिसा नको, घर नको, तिकीट नको, आणि पगारही कमी दिला तर चालतो. "अगं, नवऱ्याच्या व्हिसावर बाई सेफ असते," त्या म्हणायच्या. रोल्लातली प्रत्येक मराठी बाई हेच म्हणायची. उद्या शाळेने काढलं तरी देश सोडावा लागत नाही, हे त्यामागचं शहाणपण. मीसुद्धा ते ऐकून ऐकून पाठ केलं होतं.

रॉयडन मला चर्चमध्ये भेटला. आमच्या वसईजवळच्या गास गावचा मुलगा, दुबईतल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला. हॉटेलातल्या माणसाला बारा तास हसत उभं राहावं लागतं, त्यामुळे घरी तो क्वचितच हसायचा, आणि तेच मला आवडलं. अठ्ठ्याण्णवच्या नाताळच्या सुट्टीत वसईला जाऊन लग्न उरकलं. तेव्हा माझे दोन हिस्से फिटले होते, तिसरा मार्चमध्ये फिटायचा होता. राहिले दोन. रॉयडनवर त्याच्या वडिलांच्या घराचं कर्ज, शिवाय घरभाड्याचे वर्षभराचे आगाऊ दिलेले चेक. माझं कर्ज आपोआप विरघळतंय, म्हणून मी माझा पगार निर्धास्तपणे घरी पाठवत होते. धाकट्या भावाचा डिप्लोमा त्यावर झाला.

सुट्टी संपवून आल्याबरोबर विजयकुमार सरांनी बोलावलं. सर डोंबिवलीचे, आपलेच. मराठीत बोलायचे, म्हणून त्यांचा आधार वाटायचा.

"काँग्रॅच्युलेशन्स करेन. आता एप्रिलपासून हजबंडच्या व्हिसावर शिफ्ट हो. हमीद बघेल सगळं." हमीद म्हणजे शाळेची सरकारी कामं करणारा माणूस.

"सर, व्हिसा बदलला तर माझ्या हिश्श्यांचं काय? मोजणी चालू राहील ना?"

"अगं, फॉर्मॅलिटी आहे ही. शाळा तीच, तू तीच, मीही इथेच. इन्शाल्ला, दोन वर्षांत मोकळी होशील."

मी तरी सरळ तोंडावर विचारलं होतं. पुढे लोकांनी मला ऐकवलं की लेखी घ्यायला हवं होतं. या लोकांनी स्वतः आयुष्यात मालकाकडून काय लेखी घेतलंय ते मी त्यांना विचारलं नाही. मार्चमध्ये हॉलमध्ये "थ्री-फिफ्थ" झालं, टाळ्या झाल्या. एप्रिलमध्ये हमीदने जुना व्हिसा रद्द केला. सगळे देणे-घेणे मिटले, अशी सही करावी लागते. ती या देशात नोकरी सोडणारा प्रत्येक जण करतो. मी केली, रॉयडनच्या व्हिसावर आले आणि बाराशेचे हजार झाले. वर्ग तोच, सातवी बी. फळाही तोच.

पुढच्या मार्चला, म्हणजे दोन हजार साली, मी निळी साडी नेसून हॉलमध्ये बसले होते. चौथा हिस्सा. आता एकच वर्ष. कुंदाताई शेजारी समोसा खात होत्या. सरांनी आधी मोठ्या मुलींची नावं घेतली. एका मुलीचं "फाइव्ह-फिफ्थ" झालं, सगळे उभे राहिले. मग "फोर-फिफ्थ"मध्ये दोन नावं. माझं नाही. मला वाटलं, राहिलं असेल. "थ्री"मध्ये नाही, "टू"मध्ये नाही. मग सर पान उलटून म्हणाले, "नाऊ अवर न्यू बिगिनिंग्ज. मिसेस करेन. वन-फिफ्थ कंप्लीट."

हॉलने टाळ्या वाजवल्या. कुंदाताईंनीसुद्धा वाजवल्या, सवयीने, आणि मग त्यांचे हात तसेच हवेत राहिले. मी स्टेजवर गेले. का गेले, माहीत नाही. नाव पुकारलं की उठायचं, एवढंच चार वर्षांत अंगात भिनलं होतं. सरांनी डबा दिला, फोटोग्राफर म्हणाला "स्माइल प्लीज", आणि मी हसले. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात मी छान हसतेय, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

केबिनमध्ये गेले तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सर मात्र शांत.

"करेन, समजून घे. हिस्सा कॉन्ट्रॅक्टला लागतो, माणसाला नाही. जुनं कॉन्ट्रॅक्ट खलास, त्याबरोबर त्याचे बेनिफिट्स खलास. तू नवीन अपॉइंटमेंट आहेस."

"तुम्ही म्हणाला होतात फॉर्मॅलिटी आहे."

"फॉर्मॅलिटीच आहे. पण ऑडिट मुंबईला होतं ना. माझ्या हातात असतं तर..." त्यांनी हात पसरून दाखवले. चांगले स्वच्छ, मऊ हात होते.

"म्हणजे तीन वर्षं मी फुकट शिकवलं."

"फुकट कसं? पगार घेतलास की."

मी तशीच बाहेर पडले.

लेबर ऑफिसला गेले. तिथला अधिकारी भला होता, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, सिस्टर, नोकरीचं भांडण असेल तर मी बघतो, पण कर्ज मुंबईच्या ट्रस्टचं आहे, ते इथे चालत नाही. मुंबईला ट्रस्टमध्ये फोन केला, तर तिथली बाई म्हणाली, शारजाच्या नोकरीतला प्रश्न आहे, शारजाला विचारा. दोघंही नम्रपणे बोलले. माझ्यासारखं आणखी किती जणींचं झालंय ते शाळेत विचारलं, तर दोघी निघाल्या. दोघीही मूग गिळून बसल्या होत्या. एकीने मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, "ओरडू नकोस गं. आमचा निदान तिसरा चालू आहे."

एका रात्री कुंदाताईंनी मला आणि रॉयडनला जेवायला बोलावलं. अरुणरावांनी विषय काढला. सोडून दिलंस तर किती भरावं लागेल? मी सांगितलं, व्याज धरून अडीच लाख. "म्हणजे वीस हजार दिरहॅम," ते म्हणाले. इशिता ताटातली भाजी बाजूला करत होती. ती म्हणाली, "इट्स जस्ट स्नेक्स अँड लॅडर्स, आंटी. यू गॉट द बिग स्नेक." कुंदाताई तिच्यावर ओरडल्या. मला मात्र त्या पोरीचंच बोलणं त्यातल्या त्यात बरं वाटलं. बाकी सगळे मला धीर देत होते.

घरी जाताना रॉयडन म्हणाला, "माझ्या व्हिसावर नसतीस तर हे झालं नसतं."

"लग्न केलं नसतं तर झालं नसतं," मी म्हणाले. मला नुसतं त्याचं वाक्य पुरं करायचं होतं. पण ते बोलणं आमच्या घरात शिरलं ते कायमचंच. नंतर कधी कुठल्याही गोष्टीवरून भांडलो, अगदी एसीच्या बिलावरून, तरी ते वाक्य मध्ये येऊन बसायचं.

मी शिकवत राहिले. दुसरं करणार काय? संध्याकाळी रोल्लात मुलांच्या शिकवण्या घेतल्या, चोरून, कारण घरी शिकवण्या घ्यायला बंदी. शॉन झाला तेव्हा बाळंतपणाची सुट्टी पुरती घेतली नाही. खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून, या भीतीने पाचावर धारण बसली होती. टाके ओले असताना सातवी बीला प्रकाशाचे परावर्तन शिकवलं. स्टाफरूमच्या पडद्यामागे दूध काढून बेसिनमध्ये ओतायचे, आणि बाहेर बेल व्हायची. दर मार्चला स्टेजवर जायचे. टू-फिफ्थ. थ्री-फिफ्थ. ज्यांनी मला एकदा टाळ्या वाजवल्या होत्या, ते त्याच हिश्श्यांना पुन्हा टाळ्या वाजवायचे, आणि कुणाला काही वावगं वाटायचं नाही. खजूर मी हमीदला देऊन टाकायचे.

दोन हजार दोनच्या ऑक्टोबरमध्ये दुबईतल्या एका शाळेने मला घ्यायचं कबूल केलं. पगार अठ्ठावीसशे. पस्तीस हजार रुपये, रॉयडन फोनवर लगेच म्हणाला. अट एकच. एप्रिलला रुजू होताना ओरिजिनल सर्टिफिकेट्स दाखवायची. माझा चौथा हिस्सा मार्चमध्ये फिटणार होता, पाचव्याला आणखी एक वर्ष. ती जागा वर्षभर माझ्यासाठी थांबणार नव्हती. शॉनला दिवसभर शेजारणीकडे ठेवून मी हजार दिरहॅमवर आणखी एक वर्ष काढायचं, की त्या अठ्ठावीसशेत नवरा-बायको-पोर माणसासारखं राहायचं, एवढाच प्रश्न होता.

विजयकुमार सरांना हे कसं कळलं देव जाणे. नोव्हेंबरात त्यांनी स्वतः चहा मागवला.

"करेन, डिसेंबरात वसईला जातेस ना? आपल्याला चार मुली हव्यात एप्रिलसाठी. वसईच्या मुलींचं इंग्लिश चांगलं असतं. लोन घेऊन बी.एड. झालेल्या आहेत तिथे, पण यायला कचरतायत. कुणीतरी काहीबाही सांगितलंय त्यांना. तू त्यांच्यातली आहेस. तू जाऊन बोल, त्यांना आण. तुझा लास्ट फिफ्थ माझ्याकडून. मार्चमध्ये सर्टिफिकेट्स घेऊन जा. यल्ला, ठरलं?"

मी विचार करते म्हणाले. खोटं होतं ते. विचार करायला काही उरलंच नव्हतं. मी जाणार होते, त्या मुलींना सांगणार होते की शाळा चांगली आहे, पगार वेळेवर होतो, दर वर्षाला पाचवा हिस्सा माफ होतो. यातलं एकही वाक्य खोटं नाही, हे मी विमानात स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत होते.

पॅरिशच्या हॉलमध्ये चौघी जणी आल्या होत्या, आयांना घेऊन. केसांना तेल, इस्त्रीचे ड्रेस, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत सर्टिफिकेट्सच्या झेरॉक्स. ओरिजिनल्स ट्रस्टने आधीच घेतली होती. भुईगावची जसिंता सगळ्यात पुढे बसली होती. तेवीस-चोवीस वर्षांची, बोलायला चुणचुणीत. तिच्या बोटात नवी कोरी अंगठी होती आणि ती सारखी फिरवत होती. मी विचारलं तर लाजून म्हणाली, "ऑक्टोबरात साखरपुडा झाला, मॅडम. तो इथेच असतो, बँकेत. दोन वर्षांनी लग्न करून त्यालाही तिकडे न्यायचं ठरलंय."

शाळा चांगली आहे, एवढं बोलून झालं होतं. मग मी उठून हॉलचा दरवाजा लावून घेतला आणि सगळं सांगितलं. तिथे लग्न केलं की नवऱ्याच्या व्हिसावर जावं लागतं, आणि नवरा इथे असला तरी लग्नाचं कळलं की होस्टेल जातं आणि करार नव्याने होतो. करार नवा की मोजणी पहिल्यापासून. तीन हिस्से कसे गेले, लेबर ऑफिस काय म्हणालं, ट्रस्ट काय म्हणाला. बाळाचं दूध बेसिनमध्ये ओतल्याचंसुद्धा सांगितलं. शेवटी म्हणाले, "कुठूनही उसने घ्या, पतपेढीतून काढा, पण यांचे पैसे यांच्या तोंडावर मारा आणि इथेच नोकऱ्या करा. मी तुमच्यातल्या कुणाचंही नाव देणार नाही."

मला वाटलं होतं, निदान एक तरी रडेल, नाहीतर चिडेल. तसं काही झालं नाही. एकमेकींकडे बघितलं त्यांनी. मग जसिंताची आई, अंगावर चांगलं लुगडं, हात काम करून खरखरीत झालेले, ती शांतपणे म्हणाली, "बाय, तुझ्या बापाच्या घरावर स्लॅब चढला. तुझा भाऊ डिप्लोमा झाला. तू तिथे गेली म्हणूनच ना?"

"हो, पण..."

"मग आमच्या पोरीला नको का म्हणते?"

स्लॅब खरा होता. मी विमानतळावर जाईपर्यंत भुईगावात झालं होतं की तुस्कानोंच्या करेनला दुसऱ्या कुणाचं बरं झालेलं बघवत नाही.

शारजात आल्यावर मी सरांना स्पष्ट सांगितलं. एकही मुलगी सुचवली नाही, उलट सगळं खरं सांगून आले. माझा हिस्सा तुमच्याजवळच ठेवा. एक वर्ष तर एक वर्ष, असं मी रॉयडनलाही सांगून टाकलं होतं, आणि तो शॉनला घेऊन गॅलरीत गेला होता.

सर हसले. "चौघीही येतायत. कालच मुंबईहून फोन आला."

ते पुढे बोलत राहिले.

"त्यांनी तिथे सांगितलं की करेन मॅडमनी सगळ्या कंडिशन्स क्लिअर करून सांगितल्या, लग्नाची, व्हिसाची, सगळ्या. अगदी हेच हवं होतं आम्हाला. उद्या कुणी म्हणायला नको की आम्हाला माहीत नव्हतं. तू म्हणायचीस ना तसं." त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "मी शब्दाचा पक्का आहे. लास्ट फिफ्थ माफ."

हा माणूस शब्दाला जागला तो नेमका इथे. मार्चमध्ये हॉलमध्ये माझं "फाइव्ह-फिफ्थ" झालं. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि कुंदाताई डोळे पुसत होत्या. सर्टिफिकेट्स एका तपकिरी पाकिटात घालून दिली. सात वर्षं तिजोरीत राहून त्यांना कसला तरी कुबट वास लागला होता. मी ती घरी नेऊन उन्हात ठेवली. रॉयडनने केक आणला. शॉनने मेणबत्ती फुंकली, वाढदिवस कुणाचा ते न विचारता.

त्याच आठवड्यात मुली आल्या. तिकडे इराकमध्ये युद्ध सुरू झालं होतं, विमानं उशिरा येत होती, तरी आल्या. त्यांना आणायला मीच जायचं, अशी सरांची विनंती. शाळेची बस, हमीद आणि मी. शाळेतलं माझं ते शेवटचं काम.

जसिंता सगळ्यात आधी बाहेर आली. धावत येऊन तिने माझ्या गळ्यात हात टाकले. ओळखीचं माणूस दिसल्यावर परक्या विमानतळावर जसा जीव भांड्यात पडतो, तसा तिचा पडला होता. बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली आणि पिशवीतून केळीच्या पानात बांधलेली पुडी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"आईने दिलीत. सुकेळी. म्हणाली, मॅडमला म्हणावं, मी त्या दिवशी जास्त बोलले."

सुकेळ्यांचा, त्या वाळवलेल्या गोड केळ्यांचा वास बसभर पसरला. मला घर आठवलं. मी तिचा हात हातात घेतला आणि तेव्हा दिसलं, बोटात अंगठी नव्हती. बोटावर नुसता पांढरा वळ होता.

"अंगठी कुठे गेली तुझी?"

"परत केली, मॅडम." ती खिडकीबाहेर दिवे बघत होती. "तुम्ही सांगितलंत ना, लग्न केलं की मोजणी पहिल्यापासून. मी त्याला सगळं सांगितलं. दोन नाही, पाच वर्षं थांब म्हटलं. त्याच्या घरचे म्हणाले, पाच वर्षं कोण थांबतो. मग मीच मोडलं."

"फोन कर त्याला," मी म्हणाले. "उद्याच कर. कर्ज फेडायचं बघू आपण काहीतरी."

"नाही मॅडम, त्याचं ठरलं दुसरीकडे. ईस्टरनंतर लग्न आहे." मग माझा चेहरा बघून तिलाच माझी समजूत काढावीशी वाटली. तिने माझा हात दाबला. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही बोलला नसतात तर मी फसले असते. आता नाही फसणार. पाच वर्षं म्हणजे पाचच." मग तिने विचारलं, "मला कुठला वर्ग देतील?"

"सातवी बी," मी म्हणाले. "माझाच."

"मग बरं आहे. तुम्ही असाल ना शिकवायला, कसं काय करायचं ते?"

हमीद पुढून ओरडला, यल्ला, चला, होस्टेल आलं. मुली सामान उतरवू लागल्या. मी तिला सांगितलं की परवापासून मी दुबईच्या शाळेत जाणार आहे. ती हसून म्हणाली, "म्हणजे तुमचं फिटलं सगळं. मग माझंही फिटेल." आणि बॅग उचलून आत गेली.